उचललेला भंडार

मी मेंढरागत ओरडलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, शाळेतल्या सोबत्यांना तर नाहीच. आणि ओरडलो ते त्यातल्या त्यात बरं. त्याच्या पुढचं जास्त वाईट आहे.

शाळेच्या मागं पाण्याची टाकी होती. टाकीभोवती सिमेंटचा गोल कट्टा. मधल्या सुट्टीत त्या कट्ट्यावर उदय बसायचा आणि त्याची पोरं. बाकीच्यांनी नळाला ओंजळ लावायची, तोंड पुसायचं आणि वाटेला लागायचं. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण शिपाईसुद्धा बादली भरताना कट्ट्यावर टेकत नसे.

उदय म्हणजे गावातल्या बड्या बागायतदाराचा मुलगा. कृष्णाकाठची काळी जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस. साखर कारखान्याच्या सभेत त्याचे वडील पहिल्या रांगेत. शाळेच्या दोन खोल्यांवर त्याच्या आज्याचं नाव संगमरवरात कोरलेलं. त्याच खोल्यांतल्या एकीत आमचा वर्ग भरायचा. म्हणजे आम्ही त्याच्या घरात बसून शिकत होतो, आणि हे त्याला आणि आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मी माणकडचा. बहात्तरच्या दुष्काळानं आमची मेंढरं खाल्ली. उरली ती बापानं विकली आणि मामाच्या ओळखीनं मला या सांगलीकडच्या ओल्या मुलखात बोर्डिंगात आणून टाकलं. अंगाला मेंढरांचा वास येतो असं मला पहिल्याच आठवड्यात समजलं. मेंढरं मरून वरीस झालं होतं, तरी वास येत होता म्हणे.

त्या दिवशी मी पाणी पीत होतो. कट्ट्यावरून उदय म्हणाला, "ए माणदेशी, बसायचं का?"

मी मागं वळून बघितलं. माझ्या मागं कोण नव्हतं.

"तुलाच म्हनतोय लेका. बसायचं का?"

"बसतो की."

"मग फी दे. मेंढरं कशी वरडत्यात तुमच्याकडं?"

पोरं हसायला लागली होती. मी अजून काही केलंच नव्हतं. पलीकडच्या नळावर पोरी होत्या. मी ओरडलो. बेंऽऽ.

"ऐकू आलं न्हाई."

मोठ्यानं ओरडलो.

"हात टेकून. दोन पायाचं मेंढरू असतंय व्हय?"

मी हात टेकले. नळाखालचा चिखल होता, तळव्याला लागला. बेंऽऽ. मग उदय वीतभर सरकला आणि म्हणाला, "बस."

मी बसलो. सिमेंट उन्हानं कोमट झालं होतं. ती ऊब मला अजून आठवते. अपमान म्हणून नाही आठवत. मला ती आवडली होती. आज हे लिहिताना हात अडतो, पण आवडली होती.

त्याच हिवाळ्यात नदीच्या पटांगणात तंबूतला सिनेमा आला. कॉलेजातल्या पोरांचा विनोदी सिनेमा होता. त्यात एक गँग. गँगची बसायची ठरलेली जागा, ठरलेली शीळ, आणि तिच्यात कुणी यायचं हे ठरवणारा एक श्रीमंत पोरगा. आणि एक खेड्यातला बावळट. तो पडायचा, धडपडायचा, त्याच्या धोतरात फटाके सोडायचे. तंबू नुसता खदखदत होता. आम्ही पुढं मातीत बसलेलो, उदय आणि त्याची पोरं मागं खुर्च्यांवर. शेवटी तो बावळट शर्यतीत पहिला येतो. गँगच त्याला खांद्यावर घेते आणि सगळे मिळून नाचतात.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत 'गँग' हा शब्द सुरू झाला. उदयची ती गँग. मग क्रिकेटवाले. मग पहिल्या बाकावरचे हुशार. आणि सगळ्यांच्या खाली बोर्डिंगवाले. आमचं नाव 'पोटभरू'. आधीही शाळा अशीच वाटलेली होती. सिनेमानं फक्त नावं दिली.

मला वाटलं, तो बावळट म्हणजे मी. आज चिखलात हात टेकतोय, पण शेवटी खांद्यावर घेतील. तो सिनेमा मी पुन्हा जाऊन बघितला, शेवट तसाच आहे ना ते बघायला. शेवट तसाच होता. सिनेमावर तेव्हा जेवढा विश्वास ठेवला तेवढा पुढं कशावर ठेवला नाही. माणसावर तर नाहीच.

बोर्डिंगात एका खोलीत आम्ही तिघं. मी, बिरू आणि जालिंदर.

बिरू आमच्याच गावचा. आमची मेंढरं एकाच रानात चरलेली, एकाच दुष्काळात मेलेली. त्याच्याकडं एक घोंगडं होतं, आणि गळ्यात कापडाची लहान थैली. थैलीत बिरोबाचा भंडार. घर सोडताना त्याच्या आईनं बांधलेला. आमच्याकडं हळदीची ती पूड साधी नसते. भंडार हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. बोललाच तर वंशाला लागतं, असं म्हणतात. भांडण मिटेना, चोर सापडेना, की कुणीतरी म्हणतं, "भंडार उचल." तिथं वाद संपतो.

जालिंदर पाटणकडच्या डोंगरातला. त्याचे वडील लष्करात हवालदार. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर वडिलांचं नाव आणि पलटण पांढऱ्या रंगात लिहिलेली होती. तो ती ट्रंक रोज पुसायचा. बोलायला तुटक. वर्गात पहिला यायचा आणि त्याचं काही वाटून न घेता बसायचा. वडिलांची एक इच्छा होती, पोरानं चांगल्या मार्कांनी मॅट्रिक व्हावं आणि साहेब म्हणून पलटणीत यावं. जवान म्हणून नाही. ही गोष्ट जालिंदरनं आम्हाला एकदाच सांगितली, आणि सांगितल्यावर लाजला.

आता बिरूचं. दुष्काळात मदतीचं पीठ आलं होतं, पांढऱ्या कापडी पिशव्यांतून. त्याच्या आईनं त्या पिशव्या उसवून बिरूला आतल्या चड्ड्या शिवल्या होत्या. मागच्या बाजूला निळी इंग्रजी अक्षरं. कितीदा धुतली तरी अक्षरं जाईनात. बिरू सगळ्यांच्या आधी उठून चड्डी धुवायचा आणि घोंगड्याखाली वाळत घालायचा. ते खोलीतल्या आम्हा दोघांनाच माहीत होतं. आम्ही तिघांनी कधी त्याच्यावर शब्द काढला नाही. बोलायचं नाही हे न बोलताच ठरलेलं होतं.

मग गॅदरिंग जवळ आलं. उदयच्या गँगनं त्या सिनेमावरून एक फार्स बसवला. गावंढळ पाव्हणा शहरात येतो, सोबत मेंढरू घेऊन. पाव्हणा उदयच्या मित्रानं केला. मेंढरू मी. संवाद नाहीत. पाठीवर घोंगडं घेऊन चार पायांवर फिरायचं आणि मध्येच ओरडायचं. घोंगडं मी बिरूचंच मागून घेतलं. त्यानं काही न विचारता दिलं.

मी खूश होतो. तालमीला गँगसोबत जायला मिळायचं. उदयच्या घरून चिवडा यायचा.

आणि एक दिवस मराठीच्या सरांनी बिरूला गुणगुणताना ऐकलं. धनगरी ओवी. त्याचा आजा गजाढोलावर गायचा, तिथनं त्याच्या गळ्यात उतरलेली. सरांनी त्याला सगळ्या वर्गापुढं उभा केला. बिरूनं डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि उचलली. बाहेरून जाणारे हेडमास्तर दारात थांबले. सरांनी तिथंच ठरवलं, गॅदरिंगात बिरूची ओवी, फार्सच्या आधी.

चार-सहा दिवसांत बिरू शाळेचा झाला. नळावर पोरी त्याला म्हणायच्या, म्हण की रं जरा. क्रिकेटवाले त्याला मॅचला बोलवायचे. पोटभरू म्हणायचं बंद झालं, निदान त्याला तरी. त्यानं काही फी दिली नव्हती. हात टेकले नव्हते. नुसतं जे त्याचं होतं ते त्यानं म्हटलं. ते माझंही होतं. माझा आजाही गायचा. मी मात्र त्यातलं फक्त मेंढरू उचललं होतं.

कट्ट्यावर उदय मला म्हणाला, "तुझ्या खोलीतला हाय न्हवं तो गवई?"

"व्हय."

"काय तरी असंलच की त्याचं. फिशपाँडला पायजे."

फिशपाँड म्हणजे गॅदरिंगचे शेलापागोटे. निनावी टोमणे. नाव न घालता डब्यात टाकायचे, सर ते माइकवर वाचणार. ज्याच्यावर असेल त्यानं स्टेजवर जाऊन भेटवस्तू घ्यायची, सगळ्यांसमोर ती उघडायची आणि हसायचं. हसणं सक्तीचं. रागावला तर त्याच्यात खिलाडूपणा नाही. गरिबाला कसं सोलायचं आणि सोलताना त्यालाच कसं हसायला लावायचं, याची इतकी सोयीची रीत मी पुढं कुठं बघितली नाही.

पुढं बरीच वर्षं मी मनाला सांगत होतो, की त्यानं विचारलं, मी घाबरलो, म्हणून सांगितलं. ते खरं नाही. त्याचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर तयार होतं. मी चड्डीचं सांगितलं. निळ्या अक्षरांचं सांगितलं. घोंगड्याखाली वाळत घालतो तेही सांगितलं. गँग एवढी हसली की मला सिनेमातला तो शेवट आठवला. खांद्यावर घेतात तो.

गॅदरिंग दुपारी होतं. पटांगणात मांडव. बिरूची आई माणहून एसटीनं आली होती, पोराची ओवी ऐकायला. आम्ही तिला पारूमावशी म्हणायचो. बायकांच्या बाजूला, पुढं, मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती.

बिरूची ओवी झाली. मांडव उठला. वन्स मोअर झाला. मावशी टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हातांनी गाठोडं धरून नुसती बघत होती.

मग फार्स. मी घोंगडं पांघरून रांगलो, ओरडलो. लोक हसले. मला बरं वाटलं.

फार्सनंतर फिशपाँड. मी अजून विंगेतच होतो, पाठीवर बिरूचं घोंगडं. सरांनी बिरूचं नाव पुकारलं. तो हसतच आला. त्याला वाटलं, ओवीचं काही कौतुक असेल. सरांनी वाचलं,

"वरनं ओवी, आतनं पोतं, सांग रं गड्या, धान्य किती मावतं?"

मग पुडकं दिलं. बिरूनं रंगीत कागद सोडला. आत पोत्याची शिवलेली चड्डी. मागं निळ्या शाईनं इंग्रजी अक्षरं रंगवलेली. उदयच्या पोरांनी खालून आरोळी दिली, "उंच धर." आणि बिरूनं ती उंच धरली. रीतच तशी होती. भेट सगळ्यांना दाखवायची.

मांडव कोसळेपर्यंत हसला. सरही हसले. मी हसलो. हे मला नीट लिहायचं आहे, मी हसलो. तोंडावर घोंगड्याचा कोपरा धरून हसलो.

मांडवातनं एकटा जालिंदर उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, बास करा आता." त्याचा आवाज हसण्यात बुडाला. जवळच्यांनी त्याला खाली ओढलं.

पारूमावशी कधी उठली ते कुणी बघितलं नाही. जागा मोकळी दिसली एवढंच. बिरू स्टेजवरून उडी मारून गेला. मीही त्याच्यामागं धावलो. का धावलो, सांगता येत नाही. आपण धावलो नाही तर संशय येईल, असं वाटलं असावं.

एसटी स्टँडवर मावशी बाकावर बसली होती. रडत नव्हती. बिरू तिच्या पायाशी बसला. तिनं गाठोडं सोडलं आणि आम्हा दोघांच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला.

"तू जेवलास का न्हाई रं?" तिनं मला विचारलं.

"न्हाई, मावशी."

"खा. तुझं मेंढरू लय चांगलं झालं. आमच्यातलंच वाटलं."

मी घास तोंडात घातला. मग ती बिरूकडं न बघता बोलली, "कापडाचं काय न्हाई. कापाड काय, फाटंल, दुसरं ईल. पर हे भाईर कसं गेलं? वाळत घातल्यालं बगितल्याबगर कळत न्हाई. खोलीतलंच मानूस हाय, बिरू."

खोलीत तिघं. एक तो स्वतः. उरले दोन, आणि त्यातला एक तिच्या हातची भाकरी खात बसलेला.

मीच बोललो. घास गिळून बोललो. "परवा जालिंदर उदयच्या सायकलवर दिसला हुता."

हे खोटं नव्हतं. उदयची चेन पडली होती, जालिंदरनं बसवून दिली आणि एक चक्कर मारून बघितली. मी स्वतः तिथं होतो. मी खरंच सांगितलं, फक्त निम्मं. निम्म्या खऱ्याला पुरावा लागत नाही.

मावशी एसटीत बसली. खिडकीतनं तिनं बिरूच्या गळ्यातल्या थैलीला हात लावला.

सायकलचं बोर्डिंगभर झालं. दिवेलागणीला सगळी पोरं आमच्या खोलीत जमली. माणकडची तर सगळीच. कुणीतरी म्हणालंच, "भंडार उचलाय लावा." बिरूनं थैली सोडली. तळहातावर चिमूटभर पिवळं काढलं आणि मधे धरलं.

"मी सांगितलं न्हाई, असं म्हनायचं आन कपाळाला लावायचं," तो म्हणाला. "आधी कोन?"

मी पुढं झालो. जालिंदरच्या आधी. नंतरच्याकडं लोक जास्त निरखून बघतात, हे मला त्या वयातही समजत होतं. मी भंडार उचलला. "मी सांगितलं न्हाई." कपाळाला लावला. वीज पडली नाही. बिरूनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. किंवा मला तसं वाटलं. मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग जालिंदर. तो ट्रंकेवर बसला होता, तसाच बसून राहिला.

"मी उचलनार न्हाई."

"का?"

"मी सांगितलं न्हाई, एवढं म्हनतो. इस्वास ठेवायचा तर ठेवा."

"मग उचलाय काय जातंय तुझं?"

"आमचं आबा म्हनत्यात, शपथ खोटं बोलनाऱ्यानं घ्यायची. मी कदी घेतली न्हाई. आता तुमी चोर धरलाय म्हनून घिऊ व्हय?"

त्याच्या घरची ही ताठ रीत असेल. पण आमच्या मुलखात भंडार न उचलणं म्हणजे कबुली. दुसरा अर्थच नाही. एकजण म्हणाला, "मांडवात उगंच उठला व्हय? चोराच्या उलट्या बोंबा." दुसरा म्हणाला, "सायकल फुकट मिळती का?" जालिंदरनं माझ्याकडं बघितलं. सायकलवर त्याला बोर्डिंगातल्या फक्त मीच बघितलं होतं. त्याला तिथल्या तिथं समजलं असणार. तरी तो बोलला नाही. त्यानं माझं नाव घेतलं असतं, तर माझ्या कपाळावर भंडार होता. त्याच्या नव्हता.

त्याची ट्रंक व्हरांड्यात गेली. जेवणाच्या पंगतीत त्याचं ताट लांब मांडायचं ठरलं. त्याला हाक मारायची नाही. मारलीच तर 'सायकल'. आम्ही पोटभरू होतो, आम्हाला शाळेत कुणी कट्ट्यावर बसू देत नव्हतं. आता आम्हालाही कुणाला तरी कट्ट्याखाली ठेवायला मिळालं. आम्ही ते मन लावून केलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत उदयनं शीळ घातली. ती सिनेमातलीच शीळ. कट्ट्यावर माझ्यासाठी जागा केलेली होती. वीतभर नाही, ऐसपैस.

"ये. आता तू आपला."

मी जवळ गेलो. बसणारच होतो.

"बसायच्या आधी एकदा कर की रं," तो म्हणाला. "शेवटचं. स्टेजवर काय केलंस गड्या. हात टेकून."

पोरं वाट बघत होती. हसणं त्यांच्या तोंडात आधीच तयार होतं. आणि मला मांडव दिसला. माझ्यावर हसलेला मांडव आणि बिरूवर हसलेला मांडव. तोच होता. तीच तोंडं. मी मेंढरू होऊन रांगलो तेव्हा ते मला आपलं समजून हसत नव्हते. कुणीच कुणाला खांद्यावर घेणार नव्हतं. शेवटचं कधीच शेवटचं असणार नव्हतं. मावशीच्या तोंडचं 'आमच्यातलंच वाटलं' कानात आलं. मी तिच्यातला होतो, आणि मी काय केलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय न्हाई?"

"वरडनार न्हाई."

उदय हसला. रागावला नाही. त्यांच्यात रागवायची गरज पडत नाही. "मग बिरूला सांगू का, कुनी सांगितलं ते?"

आसपास शाळा होती. नळाचं पाणी वाहत होतं.

"सांग," मी म्हणालो आणि निघालो. मागनं कुणीतरी 'बेंऽऽ' केलं. पुढचं वरीसभर रोज करत होते. मी एकदाही वळलो नाही.

हे मी जागा झालो ते. त्या दिवसापासून मी कुठल्या उदयसमोर हात टेकले नाहीत. नोकरीत संस्थाचालकांसमोर नाही, निवडणुकीत त्यांची पत्रकं वाटायला सांगितली तेव्हा नाही. बदल्या झाल्या. होऊ दे म्हटलं. लोक मला ताठ म्हणतात. पोरं म्हणतात, सर कुणाला भीत नाहीत.

पण 'सांग' म्हणालो त्यातली खोट मला पुष्कळ उशिरा दिसली. मी सांगायचं काम उदयवर ढकललं होतं. मी पुढं म्हणायला पाहिजे होतं, तू कशाला, मीच सांगतो. बोर्डिंग तिथनं चार ढांगांवर. बिरू खोलीत होता. जालिंदर व्हरांड्यात होता. मी गेलो आणि अभ्यासाला बसलो.

उदयनं बिरूला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. रोज मी बिरूच्या तोंडाकडं बघायचो. आज कळलं का, आज कळलं का. तो माझ्याशी बोलायचा, पण ओवी माझ्यासमोर गुणगुणेना झाला. मागितलेलं घोंगडं मी परत दिलं तेव्हा त्यानं ते धुऊन घेतलं. आधी कधी धुतलं नव्हतं. का धुतलं? चिखलासाठी की माझ्यासाठी? अशा प्रश्नांवर माझं वय गेलं. दोन माणसं हसत असली की मी दारात थांबतो. कुणी जागा करून दिली की आधी तिथं हात लावून बघतो. बायको म्हणते, तुम्हाला कुणाचं चांगलं दिसतच नाही. तिला वाटतं, ते माझ्यावर झालेल्या अन्यायानं झालं. मी तिला तसं वाटू दिलं.

जालिंदर परीक्षेच्या आधी बोर्डिंग सोडून गेला. वडील रजा काढून न्यायला आले होते. गणवेशात. त्यांनी आमच्या रेक्टरला एवढंच विचारलं, "माझ्या पोरानं काय केलं?" रेक्टर म्हणाले, "पोरांपोरांतलं आहे." हवालदारांनी ट्रंकेची एक कडी धरली, जालिंदरनं दुसरी. आम्ही सगळे खिडक्यांत होतो. तो कुठल्याच खिडकीकडं बघत नव्हता. माझ्याही नाही.

तो साहेब झाला नाही. जवान म्हणून भरती झाला.

मी मास्तर झालो. गॅदरिंग आलं की शाळा मला म्हणायची, सर, फिशपाँड तुम्ही वाचा, तुमचा आवाज चांगला आहे. मी कधी वाचले नाहीत. शेवटी माझ्या शाळेत मी ते बंदच पाडले. कारण विचारलं तर म्हणतो, वेळ जातो.

मध्यंतरी म्हसवडच्या बाजारात बिरू भेटला. मेंढरं पुन्हा धरली आहेत त्यानं. मिशा पांढऱ्या. गळ्यात तीच थैली की दुसरी, ठाऊक नाही. चहा घेतला. इकडचं तिकडचं झालं. मग तो बशीकडं बघत म्हणाला,

"जालिंदर भेटला हुता. पेन्शनीत आलाय. पाटनाकडंच असतोय."

"काय म्हनत हुता?"

"मला इचारलं, अजून तसंच वाटतंय का रं तुला? मी म्हनलं, मी कवा काय म्हनलं हुतं? भंडार बोलला." बिरूनं बशी खाली ठेवली. "आता तूच सांग मास्तर, भंडार खोटा बोलतोय व्हय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी खोलीत बघितलं होतं तेवढाच जास्त वेळ. त्याला माहीत आहे, असं मला वाटलं. नाही, असंही वाटलं. मधे कपभर चहा होता. एवढंच अंतर होतं. मी म्हणालो, "अजून एक सांगू का?" चहा. चहाच म्हणालो मी.

"नको," बिरू म्हणाला. "मेंढरं उनात हायती."

त्यानंतर मी हे लिहायला बसलो. लिहून सुटलो असं कुणी समजू नये. मीही समजत नाही. कागदाला सांगणं म्हणजे पुन्हा 'सांग' म्हणणंच आहे, दुसऱ्यावर ढकलणं.

म्हणून ठरवलं आहे. बिरोबाच्या यात्रेला गावी जाणार. पारूमावशी आहे अजून, डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात. तिच्या समोर, बिरूच्या समोर, जमलेल्या माणसांच्या समोर भंडार हातात घेणार आणि तेव्हा काय खोटं म्हणालो ते म्हणणार. मग त्याच पावली पाटणला. जालिंदर दारात घेईल न घेईल. क्षमा मागायला जात नाही. ती त्याची आहे, त्यानं ती जवळ ठेवावी. त्याच्या गावच्या चार माणसांना बोलवा म्हणणार आणि त्यांच्या देखत सांगणार, त्यानं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं मी.

उदयनं माझ्याकडनं एक ओरडणं घेतलं. ते मी त्याला पुन्हा दिलं नाही. जालिंदरकडनं मी त्याचं नाव घेतलं. ते अजून माझ्याकडं आहे. ते देणं मी लागतो.